थंड लोखंड

कासेलच्या कोर्टाचं पत्र
बर्लिन, दिल्ली, मुंबई असं उतरत
कसबा बावड्यात माझ्या टेबलावर आलं, तेव्हा
त्यावर सात शिक्के होते
आणि पहिल्या शिक्क्याला अकरा महिने झाले होते.

विनंतीपत्र म्हणतात याला.
एक देश दुसऱ्याला जरा वाकून विचारतो,
आमच्या खटल्यातला एक माणूस तुमच्या हद्दीत राहतो,
आमचे प्रश्न त्याला विचाराल का?
उच्च न्यायालयानं मला कमिशनर नेमलं.
फी बरी होती. लाख आणि दोरा माझा.

साक्षीदार : केरबा ज्ञानू मिठारी, वय एकाहत्तर,
मोल्डर, आता घरीच.
उद्यमनगरात ओतलेलं पंपाचं कवच
तिकडच्या एका कागद गिरणीत फुटलं.
एका बाईचा हात गेला.
पत्रात तिचं नाव नव्हतं, नुसती दोन अक्षरं.

पडद्यावर त्यांची सकाळ,
इकडं जेवायची वेळ टळून चाललेली.
प्रश्न जर्मनमधून इंग्रजीत,
इंग्रजीतून माझ्या पुस्तकी मराठीत,
आणि तिथून केरबांच्या कानात शिरताना
त्याचं काय होत होतं, देव जाणे.

प्रश्न एकोणीस. त्या दिवशी धातूची अवस्था?
"थंड हुतं लोखंड."
मी तसंच सांगितलं.
दोन्ही बाजूंचे वकील एकदम बोलू लागले,
अख्ख्या खटल्यात पहिल्यांदाच एकमतानं :
थंड लोखंड ओतता येत नाही,
साक्षीदाराचा गोंधळ झाला आहे.

केरबा हसले.
"थंड म्हंजे साडेबाराशे डिग्री, बाई.
बोट घालून बगा म्हणावं."
शेवटचं वाक्य मी गाळलं.

"लाईट गेलती. भट्टी बसली.
तसंच वतलं.
साच्यात दोन वाटांनी रस येतो,
मधी भेटतो.
गरम असला तर एकजीव हुतो,
थंड असला तर नुसता टेकतो.
वरनं जुळल्यागत दिसतंय.
रंग मारला की कुणाच्या बाचं कळत न्हाई."

प्रश्न वीस. हे आपण कोणास सांगितले काय?
पंखा. बाहेर कुणाच्या तरी नावाचा पुकारा.
"ट्रक दारात उभा हुता," म्हणाले.
मालकाच्या वकिलानं हरकत घेतली :
हे उत्तर नव्हे.
मी हरकत लिहिली. ट्रकही लिहिला.

चौतीस प्रश्न संपले.
मी टोपण लावत होते, तेव्हा केरबा म्हणाले,
"माजं एक इचारायचं हाय.
त्या बाईचा कंचा हात?"
साक्षीदारानं विचारायचं, असा रकाना
कुठल्याच देशाच्या नमुन्यात नाही.
तरी मी विचारलं, चाचरत,
चुकीच्या इंग्रजीत.

कोपऱ्यातला म्हातारा वकील कागद चाळत राहिला.
त्याच्या शेजारची मुलगी, ज्युनियर असावी,
दिवसभर एक शब्द बोलली नव्हती.
तिनं डावा हात वर केला
आणि उजव्यानं मनगटाखाली रेघ ओढली.
केरबांनी मान हलवली,
आपला डावा हात टेबलाखाली घेतला.
हे नोंदीत नाही.

पाचला लखोटा बांधला.
मेणबत्तीवर लाख धरली, थेंब पाडले,
शिक्का दाबला. दोन ओघळ
जिथं भेटले तिथं
केसाएवढी रेघ राहिली.

भत्त्याच्या पावतीवर सही करून
केरबा चष्मा पुसत वाकले.
"थंड वतलीसा," म्हणाले.
मग माझं तोंड बघून :
"चालतंय. पोचंस्तवर टिकली म्हंजे झालं."